चार वाजताची कुरकुर



वजन कमी करण्याबद्दल आपण बोलायला लागलो तेव्हापासून गटांच्या बैठकांत मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न साखरेचा नाही आणि भाताचाही नाही. तो आहे कुरकुरीत खाण्याचा. बायका सांगतात, चहातली साखर अर्ध्यावर आणली, रात्रीचा भात बंद केला, पहाटे पायी फिरायला जातो. पण दुपारचे चार वाजले की हात आपोआप फरसाणच्या डब्याकडे जातो. अमळनेरकडच्या एका ताईंनी हे आपल्या अहिराणीत फार नेमकं सांगितलं. त्या म्हणाल्या, “भूक ते लागनी नही, पन तोंडले कायतरी पायजे.” आजचं बोलणं त्या ‘कायतरी’बद्दल आहे.

आधी एक गंमत सांगते, कारण ती ऐकण्याबद्दलच आहे आणि तुम्ही मला ऐकताच आहात. २००४ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठात काही संशोधकांनी लोकांना बटाट्याचे वेफर्स खायला दिले. खाणाऱ्याच्या तोंडापुढे माईक आणि कानाला हेडफोन. वेफर तेच, पण दाताखाली मोडतानाचा आवाज मशीनवर मोठा करून कानात सोडला की लोक म्हणायचे, हा जास्त कुरकुरीत आहे, ताजा आहे. आवाज कमी केला की तोच वेफर त्यांना सादळलेला वाटायचा. म्हणजे आपण नुसत्या जिभेनं खात नाही, कानानंही खातो. म्हणून ज्या बाईला ‘कुरकुरीत सोडा आणि वाटीभर वरण प्या’ असं सांगितलं जातं, तिचं समाधान होत नाही. तिला आवाज हवा असतो. मग तिला आवाज देऊ या. फक्त तेल आणि मीठ कमी असलेला.

आता तेलाचं बघू. आपल्या रावेर, यावल, सावद्याकडे केळीचे वेफर्स घरोघरी होतात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला तिचा अभिमान आहेच. कच्च्या केळ्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. काप कढईत पडला की जो चर्र आवाज येतो, तो त्या पाण्याची वाफ होण्याचा. पाणी निघून गेलं की काप कुरकुरीत होतो आणि पाण्याच्या जागी बऱ्याच प्रमाणात तेल शिरतं. १०० ग्रॅम केळी वेफर्समध्ये साधारण ३० ते ३५ ग्रॅम तेल असतं, म्हणजे तिसरा हिस्सा तेलच. त्यात ५०० च्या वर कॅलरी होतात. तेवढ्याच कॅलरी मिळवायला मध्यम आकाराची जवळजवळ पाच पिकलेली केळी खावी लागतील. पाच केळी एका बैठकीत कोणी खात नाही. १०० ग्रॅम वेफर्स मात्र टीव्हीवरची एक मालिका संपायच्या आत संपतात.

शेवेचंही तसंच. वाटीभर शेव, समजा ५० ग्रॅम, म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी. आपल्याकडची ज्वारीची एक चांगली मोठी भाकरी तेवढीच भरते. भाकरी खाल्ली तर दोन-तीन तास पोटाला आधार राहतो. शेव तोंडात विरघळते, पोटाला पत्ता लागत नाही, आणि वर रात्रीचं जेवण ठरल्याप्रमाणे होतंच.

पोटाला पत्ता लागत नाही, हे मी उगाच म्हणत नाही. अमेरिकेत २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २० माणसांना महिनाभर एका जागी ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, पाकिटातलं खाणं आणि दोन आठवडे साधं, ताजं शिजवलेलं. दोन्हीकडे समोर मांडलेली साखर, तेल, मीठ, कॅलरी सारखी. हवं तेवढं खा, असं सांगितलं. पाकिटातलं खाताना तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन साधारण ९०० ग्रॅमनं वाढलं. साधं खाताना तेवढंच उतरलं. तेव्हा पुडा फोडल्यावर थांबता येत नसेल तर ‘माझ्यात निर्धारच नाही’ असं स्वतःला बोल लावू नका. ते खाणंच तसं बनवलेलं असतं.

मिठाचं थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि आपली हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दोघीही सांगतात, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको. म्हणजे एक छोटा चमचा, सपाट, आणि त्यात भाजी, वरण, भाकरीचं पीठ, लोणचं, पापड सगळं आलं. पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, ‘सोडियम’ लिहिलेलं असतं, मिलिग्रॅममध्ये. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ, एवढं लक्षात ठेवा. घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर तिच्याकडून वाचून घ्या, तिचं गणितही होईल. सैंधव आणि काळं मीठ हेही मीठच आहे. बाजारात कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका.

कुणी म्हणेल, आम्ही कापूस वेचायला जातो, निंदणीला जातो, आमचा घाम जातो, आम्हाला मीठ लागणारच. खरं आहे. पण ते जेवणातून मिळतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा चिमूटभर मीठ घातलेलं ताक प्या. शेवेतून मीठ घेतलं तर तेलही सोबत येतं.

आता ‘कायतरी’कडे येते. आणि इथे मला एक गोष्ट फार वाटते. शहरातल्या मासिकांत लिहिलेलं असतं, वेफर्सऐवजी मखाणे खा, अमुक बिया खा. मखाणा वाईट नाही, पण त्याचा किलोचा भाव विचारून बघा. खान्देशातल्या बाईला कुरकुरीत खाण्यासाठी त्याची गरज नाही. आपल्याकडे बिनतेलाचं कुरकुरीत आधीपासून आहे. भट्टीवर तापलेल्या वाळूत भाजलेले फुटाणे. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या. विस्तवावर भाजलेला बिबडा. पावसाळ्यात निखाऱ्यावरचं कणीस. ही सगळी आपल्या आज्यांची खाणी आहेत. पाच रुपयांची पुडी गावात आली आणि ती मागे पडली.

मला विचाराल तर पहिला मान फुटाण्यांचा. मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम फुटाण्यांत ११० च्या आसपास कॅलरी आणि पाच-सहा ग्रॅम प्रथिनं. सालासकट खा, सालात चोथा असतो, त्यानं पोट भरल्यासारखं राहतं. चावावे लागतात, आवाज करतात, वेळ लागतो. बिनमिठाचे मागून घ्या. खारे आणि हळद लावलेलेच मिळाले तर कपड्यात घालून चोळा, वरचं मीठ बरंचसं निघून जातं. वर लिंबू, जिऱ्याची पूड, चिमूटभर तिखट.

भावाचाही हिशेब करा. पाच रुपयांच्या पुडीवर वजन लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. समजा ते १५ ग्रॅम निघालं, तर किलोचा भाव झाला ३३३ रुपये. आता आठवडे बाजारात फुटाण्यांचा किलोचा भाव विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. पुड्यात जास्त हवाच भरलेली असते, हे आपल्याला माहीत असतं. तरी मुलांनी हट्ट केला की आपण घेतो.

ज्वारीच्या लाह्या घरी करता येतात, पण सगळीच ज्वारी फुटत नाही. गावात कुणाकडची ज्वारी फुटते हे म्हाताऱ्या बायकांना ठाऊक असतं, त्यांना विचारा. ज्वारीवर उकळतं पाणी शिंपडायचं किंवा तिला गरम पाण्यातून काढायचं, कपड्यात बांधून रात्रभर ठेवायचं. सकाळी दाणे वरून कोरडे झाले की लोखंडी कढई चांगली तापवायची आणि एकेक मूठ टाकून कपड्यानं दाबत हलवायचं. कढई तापली नसेल तर लाह्या कमी आणि गणंगच जास्त मिळतात. वाडगाभर लाह्या खाल्ल्या तरी वजनाला २०-२५ ग्रॅमच भरतात, त्या इतक्या हलक्या. पावसाळ्यात सादळल्या तर कोरड्या तव्यावर मिनिटभर फिरवायच्या, पुन्हा कुरकुरीत.

मुरमुरे हलके म्हणून बायका परातभर घेऊन बसतात. तिथे जरा सांभाळा. मुरमुरा म्हणजे फुललेला तांदूळ. त्यात प्रथिनं फार नाहीत, बनवतानाच मीठ असतं, आणि रक्तातली साखर तो पटकन वाढवतो. साखरेचा आजार असेल तर नुसते मुरमुरे नकोत. एक वाटी मुरमुरे, अर्धी वाटी फुटाणे, कांदा, काकडी, कोथिंबीर, लिंबू असं कालवा आणि लगेच खा. तेलाची फोडणी नको. फोडणी दिली की तो चिवडा झाला. आणि ‘डाएट चिवडा’ नावाचं जे पाकीट मिळतं, त्याच्या मागची बाजू वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पापड आणि बिबडे. उन्हाळ्यात आपण सगळ्या मिळून करतो, गच्चीवर, अंगणात खाटेवर वाळवतो. ज्वारीचा बिबडा, त्यात लसूण, तीळ, जिरं, मिरची. भाजून खाल्ला तर तेल शून्य. तळला तर तोच बिबडा दुप्पट फुगतो आणि तेल पिऊन येतो. म्हणून भाजा. पण मीठ त्यात आहेच, आणि उडदाच्या पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो, त्यातही सोडियम. तेव्हा जेवणाला एक, रक्तदाब असेल तर आठवड्यातून एक-दोन. बिबड्याबरोबर कच्चं शेंगदाण्याचं तेल घेण्याची आपली रीत आहे, मलाही आवडते. पण तेलात बुडवून खाल्लं तर भाजण्याचा उपयोग काय राहिला? बोटाला लागेल एवढंच घ्या, किंवा कांद्याची कोरडी चटणी घ्या.

शेंगदाणे आपल्या घरचे. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रानं ‘फुले प्रगती’ म्हणजे जे.एल. २४ हे भुईमुगाचं वाण दिलं, जे.एल. म्हणजे जळगावच. शेंगदाणा पौष्टिक आहे, पण त्यात जवळजवळ अर्धं तेल असतं. ३० ग्रॅममध्ये १७० कॅलरी. गप्पा मारत पसाभर दाणे फस्त होतात आणि जेवणाएवढी ऊर्जा पोटात जाते. माझा उपाय सोपा आहे. सोललेले दाणे डब्यात ठेवू नका, शेंगा ठेवा. भाजलेल्या किंवा उकडलेल्या. फोडायला वेळ लागतो, समोर टरफलांचा ढीग दिसतो, आणि आपण किती खाल्ल्या ते डोळ्यांना कळतं. हिवाळ्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे ओले घाटे, हेही त्याच जातीचं खाणं. हातांना काम असलं की तोंड सावकाश चालतं.

आणि पाण्याची कुरकुर विसरू नका. काकडी, मुळा, गाजर, कोबीचा पांढरा गाभा, कडक पेरू. दाताखाली आवाज तोच. वर मिठाऐवजी लिंबू, जिरंपूड, लाल तिखट लावा. आपली जीभ तिखटाला सरावलेली आहे, त्यामुळे मीठ कमी झालेलं तिला फारसं कळत नाही. हा खान्देशी असण्याचा फायदा घ्या.

उपवासाचं बोलायलाच हवं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, त्यात श्रावण. उपवासाला वेफर्स, साबुदाण्याची खिचडी, तळलेले दाणे. वजन उतरवायचं ठरवलेल्या बाईचा आठवड्यातला सगळ्यात जड दिवस अनेकदा उपवासाचाच असतो. त्या दिवशी कुरकुरीत हवं तर राजगिऱ्याच्या लाह्या ताकात घालून घ्या किंवा कोरड्या खा. जेवायला भगर. आणि कच्च्या केळ्याचे पातळ काप तव्यावर चमचाभर तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा, झाकण न ठेवता. कडा कुरकुरीत होतात, मध्ये मऊ राहतात. वेफर्सची सर येत नाही, हे कबूल. पण पोट भरतं.

आता एक अवघड गोष्ट. हे ऐकणाऱ्यांत अशाही मैत्रिणी आहेत ज्यांचं घर वेफर्सच्या, शेवेच्या कढईवर चालतं. मागे एका बैठकीत एक ताई मला म्हणाल्या, तुम्ही सांगाल वेफर्स खाऊ नका, मग आमच्या पोरांची फी कोण भरेल? त्यांचा प्रश्न रास्त आहे. वेफर्स बंद करा असं मी म्हणत नाही. सणाला, प्रवासाला, पाहुण्यांना लोक घेणारच. पण कढईपाशी बसणाऱ्या बाईचं स्वतःचं काय? ती सकाळी चहावर निघते, दुपारपर्यंत तळते, प्रत्येक घाणाची ‘चव बघते’, तुटके काप तोंडात टाकते आणि दुपारी म्हणते, मला भूक नाही. गुडघे तिचेच दुखतात. तेव्हा कढईपाशी बसण्याआधी भाकरी-भाजी खाऊन बसा. चव एकीनं बघायची, दिवसाला एकदा. तुटका माल वेगळ्या डब्यात, वजन करून विकायचा. त्याच्या जोडीला लाह्या, भाजलेले बिबडे, फुटाण्यांचं मिश्रण छोट्या पाकिटांत विकून बघा. अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी हवी, आणि पाकिटावर ‘वजन घटवणारे’ असलं काही छापू नका. धुळ्याच्या किंवा जळगावजवळच्या ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रक्रिया उद्योगाच्या प्रशिक्षणाची चौकशी करा.

मात्र चार वाजताची कुरकुर नेहमी तोंडाचीच असते असं नाही. पुष्कळदा ती खरी भूक असते. घरातले सगळे जेवल्यावर उरलेलं, भाजी संपलेली, म्हणून भाकरी आणि ठेचा. डाळ मुलांना गेली, ताक नवऱ्याला. अशा जेवणानंतर चार वाजता पोट मागणारच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २१ या काळात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्क्यांचं वजन जास्त आढळलं आणि ५७ टक्के बायकांना रक्त कमी होतं. हे दोन्ही एकाच बाईत असू शकतं. वजन जास्त आणि रक्त कमी. म्हणून दुपारच्या ताटातली तुमची वाटीभर डाळ किंवा मटकीची उसळ आधी बाजूला काढून ठेवा, वाढप सुरू होण्यापूर्वी. सासूबाई काय म्हणतील, असं विचारलंत तर सांगते, त्यांचीही काढून ठेवा. कळण्याची भाकरी असेल तर फारच छान, ज्वारीत उडीद असल्यानं ती जास्त वेळ टिकते.

शेवभाजीचं अनेकींनी विचारलंय. खा. महिन्यातून एक-दोनदा, घरी केलेली, वरचा तेलाचा तवंग काढून, शेव पातेल्यात न टाकता ताटात वाढताना निम्मीच घालून. कायमची बंद केली तर लग्नाच्या पंगतीत भरपाई होते.

काही जणींनी मात्र वजन उतरवण्याच्या नादाला लागू नये. गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाई, आधीच बारीक असलेली मुलगी. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलायच्या. बाकीच्यांनी आठवड्यातून एकदाच वजन करा आणि टेपनं कंबर मोजा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तरी चांगलं.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. गटातल्या कुणाकडे छोटा वजनकाटा असेल तर आणा. कढई तेलासकट मोजा. दहा पापड तळा, टिपकागदावर न ठेवता ताटात काढा. कढई गार झाली की पुन्हा मोजा. जेवढं कमी भरलं, तेवढं तेल दहा पापडांत गेलं. ते चमच्यानं मोजून एका वाटीत काढा आणि सगळ्यांना दाखवा. मग शेजारी दहा भाजलेले पापड ठेवा. आकडा काय निघाला ते मला कळवा. वेगवेगळ्या गावांचे आकडे मी पुढच्या वेळी वाचून दाखवीन.